लिंबाजीची खास सोय

लिंबाजी सोनसळेचे दोन्ही पाय पोलिओनं लहानपणीच रजेवर पाठवले होते, आणि माणसाला नाद लागला होता तो फुटबॉलचा. लोक यावर हळहळत. हळहळणाऱ्यांचा त्याला भारी कंटाळा. "गाणं ऐकणाऱ्या सगळ्यांना गाता येतंय का?" असं तो विचारी, आणि वर म्हणे, "तुम्ही तर बेसूर गाता बी. आम्ही कधी हळहळलो का?"

तो मूळचा भोकरचा. बाप रेल्वेच्या गँगमध्ये रुळावर कामाला. स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत रेल्वेतली हैदराबादकडची माणसं संध्याकाळी फुटबॉल खेळत. ती घरी गेली की वस्तीतली पोरं चिंध्यांचा चेंडू घेऊन उतरत. गोल करायचा तर एका बाजूला दगड ठेवत आणि दुसऱ्या बाजूला लिंबाजीला बसवत. आपण गोलपोस्ट होतो याचा लिंबाजीला कधी कमीपणा वाटला नाही. "दगड आन् मी, दोघं बी जागचे हलत नव्हतो," तो सांगे. "पण गोल झाला का न्हाई ते दगडाला विचारता येत नव्हतं. मला विचारावं लागायचं." खेळ कसा बघायचा ते तो तिथं बसून शिकला. बापानं मात्र दुसरा हट्ट धरला होता. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर बसवून तो पोराकडून रोज पाढे म्हणून घेई, आणि लिंबाजी कुबड्या टेकत टेकत मॅट्रिक झाला.

पुढं एकदा एक अख्खं वर्ष अपंगांच्या नावानं जाहीर झालं. बाकीची वर्षं कुणाच्या नावावर होती ते काही जाहीर झालं नाही. त्या वर्षात सगळीकडं अपंगांची शोधाशोध सुरू झाली, आणि तिशी उलटलेला लिंबाजी नांदेडच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला. त्याचं टेबल दुसऱ्या मजल्यावर होतं. रोज सकाळी कुबड्या गळ्यात अडकवून तो पायऱ्यांवर उलटा बसायचा आणि हातांवर जोर देत एकेक पायरी वर सरकायचा. साहेब जिन्यात भेटले की थांबून म्हणायचे, "सोनसळे, काय जिद्द आहे हो तुमच्यात."

"जिद्द न्हाई साहेब," लिंबाजी म्हणायचा. "जिना हाय."

कचेरीत त्याला एक मित्र मिळाला. मलप्पा नावाचा, देगलूरकडचा शिपाई, दणकट अंगाचा आणि कमी बोलणारा. दोघंही गोदावरी स्पोर्टिंग या नांदेडच्या संघाचे भक्त होते. संघाचा गोलकीपर मकदूम दिवसा टेम्पो चालवायचा आणि संध्याकाळी गोलमध्ये उभा राहायचा. नांदेडात ज्या मैदानावर हे लोक खेळत त्याला ना भिंत होती ना फाटक. लिंबाजी कुबड्या टाकत सरळ मकदूमच्या गोलामागं जाऊन बसे. सोय काहीच नव्हती, म्हणून अडचणही काही नव्हती.

मग दुष्काळ पडला. शेजारी लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागतं. आधी पाट्या आल्या, मग गाड्या आल्या, मग कोनशिला आल्या, आणि एका उत्साही समितीनं शहराबाहेर एक नवं कोरं मैदान बांधलं. पाणी तेवढं यायचं राहिलं. लोक घागरी घेऊन रात्र रात्र नळाशी बसायला लागले, तेव्हा समितीला वाटलं की आपणही काहीतरी केलं पाहिजे. समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी फुटबॉलची मॅच ठेवली. लातूरचा संघ विरुद्ध गोदावरी स्पोर्टिंग. मॅच म्हटलं की हिरवळ पाहिजे, आणि हिरवळ म्हटलं की पाणी पाहिजे. तेव्हा दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी महिनाभर मैदानावर टँकर रिकामे होत होते.

मॅचचं हँडबिल नांदेडात आलं. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं: अपंग बांधवांसाठी खास सोय.

लिंबाजीनं ते घरी नेऊन बायकोला, सिंधुला वाचून दाखवलं.

"खास सोय म्हंजी काय असंल?" सिंधु म्हणाली.

"जाऊन बघितल्याबिगर कसं कळंल?"

"म्हंजी जायचं ठरलंच." तिनं भाकरी बांधल्या आणि पाण्याचा मोठा कॅन भरून ठेवला. "लातूरला कुणाला पाणी मागू नका. मारामाऱ्या होऊन राहिल्यात तिथं."

रविवारी सकाळी मलप्पानं त्याला काखेत हात घालून बसमध्ये चढवलं. बसची पायरी लिंबाजीच्या छातीला लागत होती. ती बांधणाऱ्यानं बहुतेक उंट डोळ्यांपुढं ठेवले असावेत. आत एका सीटवर 'अपंगांसाठी राखीव' असं रंगवलेलं होतं आणि तिच्यावर पांढऱ्याशुभ्र कपड्यातला एक धडधाकट गृहस्थ बसला होता. लिंबाजी त्याच्यासमोर कुबड्या टेकून उभा राहिला. गृहस्थानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"तुमचं काय गेलंय, भाऊ?" लिंबाजीनं चौकशी केली.

"आँ?"

"हात हाय, पाय हाय. आतलं काही असंल तर बसा. मी आपलं विचारलं."

मागचे दोघं-तिघं हसले. गृहस्थ उठला आणि अहमदपूर येईपर्यंत सगळ्यांवर रागावून उभा राहिला. बाहेर रस्त्याच्या कडेनं रिकाम्या घागरींच्या रांगा लागलेल्या होत्या. घागरी उन्हात आणि बायका बाभळीच्या सावलीत. बस आली की बायका उठत, टँकर नाही असं बघून परत बसत.

लातूरचं मैदान लांबूनच ओळखू आलं. अख्ख्या मुलखात हिरवं तेवढंच होतं. त्यामुळं आसपासची गुरं सारखी तिकडं धाव घेत. त्यावर समितीनं एक युक्ती केली होती. फाटकात लोखंडी पाईप आडवेतिडवे असे जोडले होते की माणसानं अंग चोरून, पाय उचलून आत जावं आणि जनावरानं बाहेरच राहावं. ती युक्ती अपंगांनाही तंतोतंत लागू पडत होती. तीनचाकी सायकलीवर आलेला एक म्हातारा म्हशींच्या घोळक्यात थांबून आत बघत होता.

मलप्पानं लिंबाजीला उचलून पाईपापलीकडं ठेवलं, मग म्हाताऱ्याला ठेवलं. सायकल बाहेरच राहिली.

छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता पुढं आला. "अपंग का? वरती जा. पॅव्हेलियनच्या गच्चीत खास व्यवस्था केलीय. वरून फार छान दिसतं."

लिंबाजीनं वर बघितलं. जिना चांगला ऐसपैस होता. त्यानं कुबड्या गळ्यात अडकवल्या, उलटा बसला आणि चढायला लागला. जिन्यांचा त्याला सराव होताच. अर्ध्यावर गेल्यावर दुसरा कार्यकर्ता धावत आला. "अहो, खाली या. पाहुण्यांच्या हस्ते वाटप आहे. अपंग सगळे स्टेजसमोर पाहिजेत."

लिंबाजी उतरला. उतरताना त्याला शेजारी सिमेंटचा एक सुरेख उतार दिसला. मैदानाच्या कडेपासून थेट स्टेजपर्यंत गेलेला, गुळगुळीत, रुंद.

"हे कुणासाठी?" त्यानं विचारलं.

"पाहुण्यांची गाडी वर न्यायला."

स्टेज उताराच्या माथ्यावर, मैदानाच्या एका टोकाला होतं. त्याच्यासमोर खुर्च्यांची रांग मांडली होती. फोटोत सगळ्यांचे चेहरे यावेत म्हणून खुर्च्यांची तोंडं स्टेजकडं होती आणि मैदान पाठीमागं होतं. कुणी खुर्ची फिरवू नये म्हणून त्या सुतळीनं एकमेकींना बांधल्याही होत्या. लिंबाजी एका खुर्चीत बसला, मलप्पा मागं उभा राहिला. शेजारी एक म्हातारी बसली होती. दोन्ही डोळे पांढरे झालेले, हातात काठी, मांडीवर रिकामी पिशवी.

"कोण आलंय?" म्हातारीनं विचारलं.

"लिंबाजी सोनसळे, नांदेडचा. तुम्ही कुठल्या, माय?"

"चाकूरकडची. साखराबाई म्हणतेत मला. वाटप हाय म्हणून ट्रॅक्टरात घालून आणलंय. ज्वारी हाय का गहू, तुला काही म्हायती?"

लिंबाजीनं स्टेजकडं बघितलं. तिथं एकुलती एक लाल तीनचाकी सायकल उभी होती. हँडलला रिबीन बांधलेली, पुढच्या चाकाखाली दगड.

"ज्वारी न्हाई माय. सायकल हाय."

"मला?" साखराबाईनं जरा विचार केला. "चालवील कोण?"

एवढ्यात आप्पासाहेब तिथून चालले होते. लिंबाजीनं त्यांना गाठलं. "साहेब, सायकल कुणाला हाय?"

"सगळ्यांनाच," आप्पासाहेब प्रेमानं म्हणाले.

"एकीत सगळे बसतील का?"

"प्रतीकात्मक असतं हो हे. तुम्ही शिकलेले दिसता, तुम्हाला सांगायला नको."

पाहुणे काही येईनात. ऊन कलायला लागलं, उजेड जाईल म्हणून शेवटी रेफरीनं शिट्टी मारली आणि मॅच सुरू झाली. खुर्च्यांतल्या सगळ्यांच्या पाठीमागं. लोक ओरडत होते, चेंडूचे धाड धाड आवाज येत होते, आणि नांदेडहून ही मॅच बघायला आलेला लिंबाजी एका रिकाम्या स्टेजवरचे हार बघत होता. त्यानं मान वळवली तर कार्यकर्ता म्हणाला, "समोर बघा, पाहुणे कुठल्याही क्षणी येतील."

"मागं काय चाललंय?" साखराबाईनं विचारलं.

"मॅच."

"मग तू तिकडं बघत का न्हाईस? तुला तर डोळे हायेत."

लिंबाजीनं स्टेजवरची सायकल एकदा बघून घेतली, मग फोटोग्राफरला हाक मारून अगदी साळसूदपणे म्हणाला, "पाहुणे येईस्तोवर एक तालीम घेता का फोटोची? मी सायकलीत बसतो, माय मागं बसतील. ऐनवेळी घोळ नको."

फोटोग्राफरला पटलं. मलप्पानं लिंबाजीला उचलून सायकलीत बसवलं, साखराबाईला मागच्या पेटीवर बसवलं. फोटोग्राफर कॅमेऱ्यात रीळ घालायला वळला.

"मलप्पा," लिंबाजी हळूच म्हणाला, "चाकाखालचा दगड काढ."

मलप्पा नेहमी कमी बोले. घाबरला की तेवढंही कानडीत बोले. "बेडा," तो म्हणाला. "नको, लिंबाजी. बेडा."

"काढ म्हणतो ना. माय, मला घट्ट धरा."

मलप्पानं दगड काढला. सायकल निघाली. लिंबाजीनं ब्रेक चाचपला तेव्हा कळलं की ब्रेक बसवलेलाच नाही. ही सायकल कुणी चालवणार आहे असं कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. पाहुण्यांसाठी गुळगुळीत केलेल्या उतारावरून ती सुसाट खाली आली, कडेचा फुफाटा ओलांडून गेली आणि मैदानाच्या ओल्या गवतात रुतून थांबली. बरोबर गोलाच्या मागं. साखराबाईनं लिंबाजीचा सदरा पाठीवर फाडला होता, पण पडली नव्हती.

मकदूमनं जाळीतून वळून बघितलं. "लिंबाजीभाई, इतना लेट?"

"वाटपात अडकलो होतो. तू पुढं बघ, लातूरवाले आले."

आप्पासाहेब आणि दोन कार्यकर्ते धापा टाकत आले. "अहो, गाडी परत आणा. हा काय प्रकार आहे? पाहुणे आले तर काय दाखवायचं?"

"पाहुणे आले की आवाज द्या. तवर माझीच समजा."

"ती तुमची नाही."

"मघाशी सगळ्यांची होती, साहेब. सगळ्यांत मी बी आलो."

कडेला बसलेले लोक हसायला लागले. "बसू द्या की त्यास्नी," कुणीतरी ओरडलं, आणि ते लातूरचंच माणूस होतं. तेवढ्यात फोटोग्राफरही पोचला. कॅमेरा बघताच आप्पासाहेबांचा राग आपोआप मावळला. त्यांनी सायकलीच्या हँडलवर हात ठेवला, हसले, फोटो झाला, आणि ते परत गेले. मलप्पा मागं जाऊन खुर्च्यांची सुतळी तोडून आला. ज्याला जसं जमेल तसं, कुणाला धरून, कुणाला उचलून, लोकांनी अख्खी रांग गोलामागं आणून बसवली.

आता लिंबाजीच्या डोळ्यांपुढं मॅच होती आणि पाठीशी साखराबाई.

"सांग की," ती म्हणाली. "नुसता बघू नको."

लिंबाजी सांगायला लागला. कोण कुठं पळतंय, चेंडू कुणाकडं हाय, कुणी कुणाला पाडलं.

"थांब. किती जणं हायेत?"

"बावीस."

"आन् चेंडू?"

"एकच."

साखराबाईनं मान हलवली. "गावात टँकर आल्यावर आमचं बी असंच असतंय. पाडापाडीसकट. फकस्त शिट्टी वाजवणारा नसतो."

ती चप्पल काढून पाय खाली सोडून बसली होती. एकदम तिनं पाय वर घेतला. "हे ओलं काय हाय?"

"गवत."

"गवत कुठून आलं?"

लिंबाजी सगळ्यांना सगळं तिरकं सांगायचा, पण हे त्याला सरळच सांगावं लागलं. "टँकरनं पाणी घातलंय, माय. महिनाभर."

साखराबाईनं पाय पुन्हा खाली ठेवला आणि बराच वेळ तो गवतावरून फिरवत राहिली. लातूरनं गोल केला, लोकांनी गलका केला, तरी तिचा पाय गवतावरून फिरतच होता. मग ती काठीच्या आधारानं उतरली, खाली बसली, चाचपून बघितलं आणि दोन्ही हातांनी गवत उपटायला लागली. उपटायची आणि पिशवीत भरायची.

कार्यकर्ता धावला. "आजी, मैदानाचं गवत आहे ते."

"ही मॅच कुणासाठी हाय रं?"

"दुष्काळग्रस्तांसाठी."

"मग मी हाय की दुष्काळग्रस्त. माझी शेळी बी हाय. ती घरी हाय, तिला ट्रॅक्टरात घेतलं न्हाई." तिचा हात थांबला नाही. "तू सांग रं लिंबाजी, चेंडू कुठं गेला?"

लिंबाजी सायकलीतून घसरून तिच्याशेजारी उतरला. एका हातानं गवत उपटत तो मॅच सांगत राहिला. मकदूमनं एक पेनल्टी आडवा झोपून अडवली ती त्यानं अशी सांगितली की साखराबाई म्हणाली, "त्याला लागलं का बघ." चेंडू बाहेर गेला तेव्हा मकदूमनं स्वतःच पायाशी आलेलं थोडं गवत उपटून जाळीतून मागं टाकलं. पिशवी भरली, मग मलप्पाचा गमछा भरला. गोदावरीनं एक गोल फेडला, पण शेवटी लातूरनं दुसरा चढवला आणि मॅच जिंकली. त्या गोलाला लिंबाजीनं मनातल्या मनात पंचाला दिलेल्या शिव्या साखराबाईला जशाच्या तशा सांगता येण्यासारख्या नव्हत्या. त्यानं त्या गाळल्या.

पाहुणे मॅच संपल्यावर आले. वाटप झालं. मलप्पानं लिंबाजीला तोवर परत सायकलीत बसवलेलं होतं, त्यामुळं सायकल त्यालाच द्यावी लागली. पाहुण्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कसं वाटतंय?"

"ब्रेक न्हाई साहेब."

पाहुणे मनापासून हसले. माणूस परिस्थितीशी कसा हसत हसत झुंजतो यावर त्यांनी लांबलचक भाषण केलं. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि कार्यकर्त्यांनी लिंबाजीला अलगद उचलून खाली ठेवलं. सायकल पुढच्या तालुक्यातल्या वाटपासाठी ट्रकमध्ये चढली. त्या उन्हाळ्यात ती बऱ्याच तालुक्यांत वाटली गेली म्हणतात.

"गेली का तुझी गाडी?" ट्रॅक्टरमध्ये चढता चढता साखराबाईनं विचारलं.

"गेली."

"माझं गवत न्हाई कुणी नेलं," ती म्हणाली, आणि पिशवी पोटाशी धरून बसली.

घरी आल्यावर सिंधुनं फाटका सदरा बघितला आणि विचारलं, "मग? होती का सोय?" लिंबाजीनं सगळं सांगितलं. ती हसली, पण गवताचं ऐकल्यावर हसणं थांबलं. "म्हातारीला पाणी तरी दिलं का?" तिनं विचारलं. त्यानं कॅन तिलाच देऊन टाकला होता. गेलेल्या कॅनवरून सिंधु एरवी आठवडाभर बोलली असती. या वेळी ती फाटका सदरा शिवायला बसली.

दुसऱ्या वर्षी समितीनं पुन्हा मॅच ठेवली, कारण दुष्काळानंही मुक्काम वाढवला होता. लिंबाजीनं आधी एक पत्र धाडून फाटकातल्या पाईपांबद्दल विचारलं. सूचना विचाराधीन आहे, असं उत्तर आलं. विचार किती दिवस चालला असता कोण जाणे. पण मॅचच्या आधी आप्पासाहेब पॅव्हेलियनच्या त्याच ऐसपैस जिन्यावरून घसरले आणि त्यांचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. मैदानाची पाहणी करायला ते आले आणि स्वतःच्याच फाटकापाशी म्हशींबरोबर उभे राहिले. संध्याकाळपर्यंत वेल्डिंगवाला पाईप कापून गेला.

मॅचच्या दिवशी अध्यक्षांना गच्चीत नेता येईना आणि स्टेजवरून प्लास्टर बरं दिसेना. शेवटी त्यांची खुर्ची गोलामागं मांडली, लिंबाजीच्या शेजारी. साखराबाई आधीच येऊन बसली होती. या वेळी तिला कुणी आणलं नव्हतं. गावच्या पोरांच्या मागं लागून ती स्वतः आली होती. पाण्याचे टँकर या वर्षी गावांकडं वळवावे लागले होते, त्यामुळं मैदान उघडंबोडकं होतं, पण तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

"हे कोण नवीन आलंय?" खुर्चीचा आवाज ऐकून तिनं विचारलं.

"अध्यक्ष हायेत, माय. पाय मोडलाय."

"बसा बाबा," साखराबाई म्हणाली. "पण मधी बोलू नका. ह्यो सांगतोय ते मला ऐकू येत न्हाई मग."

आप्पासाहेबांनी आजवर कितीतरी उद्घाटनं केली होती, मॅच कधी बघितली नव्हती. पहिली दहा-पंधरा मिनिटं ते अवघडून बसले. मग लिंबाजीच्या सांगण्याकडं त्यांचा कान लागला. हाफटाइमच्या सुमाराला त्यांनी खाली वाकून हळूच विचारलं, "सोनसळे, तो ऑफसाइड का दिला?"

लिंबाजीनं समजावून सांगितलं. त्यांना कळलं नाही. त्यानं परत सांगितलं.

"म्हंजी पुढं गेलेल्याला शिट्टी मारून मागं आणायचं," साखराबाई मधेच म्हणाली. "तुमच्या समितीत असतंय तसंच."

आप्पासाहेब हसावं की रागवावं या पेचात पडले, आणि तेवढ्यात गोदावरीनं कॉर्नरवरून गोल मारला. मलप्पा कानडीत ओरडला. लिंबाजीनं कुबडी वर उचलली ती अध्यक्षांच्या प्लास्टरला लागता लागता राहिली. मॅच त्याच गोलावर सुटली. मकदूम चिखलानं नव्हे तर धुळीनं माखून मागं आला, जाळीला टेकून पाणी प्यायला आणि उरलेली बाटली त्यानं न विचारता साखराबाईच्या हातात दिली.

परतीच्या बसमध्ये राखीव सीट रिकामी होती. लिंबाजी त्या सीटवर बसला आणि मलप्पाला शेजारी ओढून घेतलं.

"पुढच्या रविवारी धर्माबादला मॅच हाय," मलप्पा म्हणाला. "जायचं का?"

"जायचं की."

"तिथलं मैदान कसं हाय म्हायती न्हाई."

"तिथल्या अध्यक्षाचे पाय कसे हायेत ते आधी विचार," लिंबाजी म्हणाला, आणि सिंधुनं बांधून दिलेली भाकरी सोडायला लागला.